फिरतीचा भत्ता

मोटरसायकल कोपऱ्यावरच बंद करून उरलेला रस्ता ती ढकलत आणणारा एकच माणूस आमच्या गल्लीत होता. राजारामपुरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तो तिसऱ्या मजल्यावर राहायचा, मी दुसऱ्या. दोघंही भाडेकरू. तोंडावर मी त्याला 'तुम्ही' म्हणत असे, मनात मात्र पहिल्या दिवसापासून 'तो'. आता लिहितानाही 'तो'च लिहितो. निदान एवढं तरी खरं राहू दे.

ठिबक सिंचनाच्या नळ्या विकणाऱ्या एका कंपनीचा तो फिरता माणूस होता. आठवडाभर पन्हाळा, शाहूवाडी, कागल असा उसाच्या फडांतून फिरायचा, नळ्या विकायचा, तुंबलेल्या नळ्या स्वतःच्या हाताने साफ करून द्यायचा. कंपनीचं गोदाम आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. गाडी तिथे बंद व्हायची.

"गोदामापासनं घर ह्यो माझा खाजगी प्रवास की, सायेब," तो मला पहिल्याच भेटीत म्हणाला होता. "कंपनीचं पेट्रोल त्याला कशाला?"

"अहो, दीडशे पावलं आहेत."

"मोजल्यात. एकशे बहात्तर."

रविवारी बायकोला घेऊन कुठे जायचं असलं, तर गाडी खाली उभी आणि हे दोघं सिटी बसच्या थांब्यावर. कधी गाडी काढावीच लागली, तर खिशातल्या वहीत 'घरचे' असं लिहून तेवढे किलोमीटर तो महिन्याच्या बिलातून वजा करायचा. चहाच्या टपरीवर बिल मागायचा. टपरीवाला बिल कुठून देणार? तो वर्तमानपत्राचा कोपरा फाडून त्यावर 'चहा एक' असं लिहून सही करायचा, आणि हा तो कपटा डाग पडू नये म्हणून पाकिटात घालायचा. ज्या शेतकऱ्याच्या घरी भाकरी खाल्ली, त्या दिवशीचा जेवणाचा खर्च लावायचा नाही. त्याचं एक वाक्य बिल्डिंगभर झालं होतं : "ज्याचं खाल्लं त्याचं बिल दुसऱ्याला लावायचं न्हाय."

लोक हसायचे. मीही हसायचो. पण लोक हसून त्याच्याकडे जायचे आणि मी हसून घरात जायचो.

शनिवारी संध्याकाळी त्याचा आवाज फाटकातूनच वर यायचा. "वहिनी, भांडं आणा, काकवी हाय!" की दारं उघडलीच. शेतकऱ्यांनी दिलेली काकवी, वांगी, भुईमुगाच्या शेंगा, कधी पेरूंची पाटी. ते 'मला' दिलेलं नाही, 'कंपनीच्या माणसाला' दिलेलं आहे, म्हणून घरात ठेवायचं नाही, अशी त्याची समजूत. सगळं जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून वाटून टाकायचा. वाटता वाटता कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाच्या म्हशीने कुणाला पाडलं, ते सगळं मोठ्याने. माझी बायको तव्यावरची भाकरी उतरवून खाली जायची. मी हाक मारली तर म्हणायची, "आले हो, भाऊजींचं एवढं ऐकून येते." मला काही सांगायचं असलं की ती डाळ निवडत ऐकायची.

मी बँकेत कर्ज विभागाचा अधिकारी होतो. माझा पगार त्याच्या दुपटीच्या आसपास होता. दर डिसेंबरात मी बिल्डिंगमध्ये बँकेची कॅलेंडरं वाटायचो. लोक घ्यायचे, थँक्यू म्हणायचे आणि दार लावायचे. काकवीने आणि शेंगांनी एखादा माणूस इतका मोठा होतो, हे मला सहन होत नव्हतं. मी मनाशी त्याचे दोष जमवत असे. आवाज मोठा. शर्टाला ग्रीसचा डाग. बायकोला बसमधून फिरवतो. असे पुष्कळ दोष जमवले, पण त्यातल्या एकानेही मला शांत झोप दिली नाही.

एकदा मला कोडोलीला जायचं होतं. एका डेअरीवाल्याने गोठ्यासाठी कर्ज मागितलं होतं, जागा बघायची होती. ते त्याला कळलं. कोडोली त्याच्या बायकोचं माहेर, आणि त्या दिवशी त्याची फिरतीही तिकडेच होती. "बसा मागं," म्हणाला. मी बसलो. वाटेत त्याने तीन ठिकाणी गाडी थांबवली, दोनदा उसात शिरला, एका म्हाताऱ्याला त्याच्याच बांधावर "पावणं, मोटर बंद करा की, पानी रस्त्यावर आलंय" म्हणून झापलं, आणि त्या म्हाताऱ्याने आम्हाला रस पाजला. परत आल्यावर गोदामाशी त्याने वही काढली.

"सायेब, एक अडचण हाय. तुम्ही मागं बसला. मग निम्मे किलोमीटर कुणाचे लिहू?"

मला वाटलं थट्टा करतोय. नव्हता करत.

"पण तुम्ही जाणारच होता ना तिकडे?"

"जानार हुतो. पर दोन मानसांचा भार हुता. पेट्रोल जास्त खाल्लं. त्यो जादाचा खर्च कंपनीचा न्हाय." मग स्वतःच निकाल दिला. "ऱ्हाऊ द्या. चौथाई माझ्या खिशातनं."

दुसऱ्या दिवशी मी बँकेत प्रवासखर्चाचं बिल लावलं. कोल्हापूर ते कोडोली आणि परत, भाड्याची जीप. सगळेच लावायचे, कुणी विचारायचं नाही. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आला तो त्याचा राग. बिलावर सही करताना मला त्याचाच राग आला होता, हे मला स्पष्ट आठवतं.

आता मुद्द्यावर येतो.

कसबा बावड्याला, साखर कारखान्याच्या अलीकडे, एक नवी इमारत उठत होती. तीन मजले, लिफ्ट नाही, पण तळमजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट. त्यातला एक मी घेतला. दुसरा कोण घेतोय ते मला ठाऊक नव्हतं. त्याच महिन्यात तो पेढे घेऊन दारात उभा राहिला. मागे भिंतीला हात टेकून त्याची बायको. दोन वर्षांपूर्वी ती जिन्यात पडली होती आणि तिचा खुबा तेव्हापासून नीट नव्हता. तिसरा मजला चढायला तिला पाव तास लागायचा. प्रत्येक वळणावर ती पायरीवर बसायची, आणि वर पोचली की दिवसभर परत उतरायची नाही. तळमजला तिच्यासाठी हवा होता. दुसरं काही कारण नव्हतं.

"सायेब, तुमच्या समोरचा धरला! दार उघडलं की तुम्ही. वहिनी, आता वाटीभर साखर मागायला जिना न्हाय!"

माझ्या बायकोने टाळी वाजवली. तिने त्याच्या बायकोला ओढून आत बसवलं आणि दोघी लगेच तुळस कुठे ठेवायची ते बोलू लागल्या. मी पेढा तोंडात धरून उभा होतो. इथून सुटण्यासाठी मी घर घेतलं होतं. आता दाराबाहेर पाऊल टाकलं की तो. शनिवारी तो. निवृत्तीनंतर रोज तो. नव्या जागेतही लोक आधी त्याचं दार वाजवणार आणि मग, फारच झालं तर, माझं.

कर्जासाठी तो आमच्याच शाखेत आला. अर्थात माझ्याच टेबलाशी.

त्याचा मूळ पगार बेताचा होता. त्यावर दोन प्रकारचे पैसे यायचे. पेट्रोल आणि मुक्कामाचा खर्च बिलं दाखवून परत मिळायचा. तो पगार नव्हे, एका हाताने घालवलेलं दुसऱ्या हाताने परत आलेलं. कर्ज देताना ते उत्पन्नात धरत नाहीत, आणि तेच योग्य आहे. पण त्याशिवाय त्याला दरमहा ठरावीक फिरतीचा भत्ता होता. बिल द्या किंवा देऊ नका, पगाराच्या स्लिपवर छापून यायचा, त्यावर करही कापला जायचा. आमच्या शाखेची रीत अशी होती की, असा भत्ता सलग येत असेल आणि कंपनी तसं पत्र देत असेल तर तो उत्पन्नात धरायचा. भत्ता धरला तर त्याचं कर्ज बसत होतं. नाही धरला तर बसत नव्हतं. मध्ये दुसरं काही नव्हतं.

कंपनीचं पत्र त्याने आणलं होतं. सोबत तीन वर्षांची आपली सगळी बिलं गठ्ठा बांधून आणली होती. कुणी मागितली नव्हती. आणि अर्जावर 'इतर उत्पन्न' या रकान्यात भत्त्याची रक्कम लिहून बाजूला स्वतःच्या अक्षरात एक ओळ : 'हे पैसे रस्त्याचे आहेत, माझे नाहीत. उरलेले दरमहा परत केले आहेत.'

मी खातेउतारा बघितला. खरंच होतं. महिनाअखेरीला भत्त्यातून जे उरायचं त्याचा चेक तो पुण्याच्या हेड ऑफिसला पाठवायचा. असे पैसे परत कसे घ्यायचे ते तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी एका कारकुनाने ते 'किरकोळ जमा' म्हणून घ्यायला सुरुवात केली होती. हे सगळं त्यानेच मला हसत सांगितलं.

"ही ओळ कशाला लिहिलीत?" मी विचारलं.

"खरं हाय म्हणून."

"हा भत्ता धरला तरच कर्ज बसतं."

"बसवा की मग. पर ती ओळ ऱ्हाऊ द्या. उद्या कुनी म्हनायला नको, लपिवलं."

इथे मी फक्त एवढंच सांगायला हवं होतं : भत्ता तुमचा आहे, उरला तर ठेवायचा असतो, परत करता तो तुमचा चांगुलपणा, त्याने उत्पन्न कमी होत नाही. दुसरा अर्ज घ्या, ही ओळ न लिहिता भरा. खोटं काहीच झालं नसतं. असं मी आठवड्यातून दोन माणसांना सांगत असे. त्याच आठवड्यात औषध कंपनीचा एक तरुण आला होता, त्याची तर मुक्कामाची बिलंसुद्धा मी भत्त्यात मिसळू दिली होती, कारण तो मला 'सर, सर' करत होता.

माझ्या शेजाऱ्याला मी म्हणालो, "बरं. बघतो."

तीन दिवसांनी मॅनेजर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "हा तुमच्या बिल्डिंगमधला ना? भत्ता स्लिपवर आहे, कर कापलाय, पत्र आहे. धरता येईल की."

"साहेब, अर्जदाराने स्वतःच लिहून दिलंय की ते उत्पन्न नाही."

"वेडा आहे का?"

"तत्त्वाचा आहे," मी म्हणालो. तोंड गंभीर ठेवून म्हणालो. "उद्या तपासणीत निघालं तर आपल्यावर येईल."

साहेबांनी सही केली. नामंजूर.

निरोप सांगायला मीच वर गेलो. त्याने ऐकलं, मान हलवली आणि म्हणाला, "बरोबर हाय तुमचं. मलाबी वाटतच हुतं, दुसऱ्याच्या पैशावर घर कसं मिळंल." बायकोला आत हाक मारली, "ए, सायेबांना चहा टाक." तिने चहा आणला, कप टेकवला आणि माझ्याकडे बघितलं नाही. मी दुसऱ्या मजल्यावर उतरलो तेव्हा मला हलकं वाटत होतं. हेही लिहायलाच हवं.

दुसऱ्या बँकेत जा, असं त्याला सगळ्यांनी सांगितलं. माझ्या बायकोने तर हात जोडून सांगितलं. तो म्हणाला, "आपल्या सायबांनी न्हाय म्हटलंय म्हंजे न्हायच की, वहिनी. त्यांच्यापरीस जास्त कुनाला कळतंय? दुसऱ्याला कशाला फशिवायचं?" बिल्डरकडे धरून ठेवलेला फ्लॅट त्याने सोडला. तो एका कापडवाल्याने घेतला आणि कुलूप लावून ठेवला. आम्ही बावड्याला गेलो तेव्हा आमच्या समोर ते कुलूप होतं. माझ्या बायकोने पहिल्या दिवशी विचारलं, "तुम्ही बँकेत असून त्यांना कर्ज मिळालं नाही?" मी म्हणालो, "नियम." तिने पुन्हा विचारलं नाही. पण शनिवारी संध्याकाळी ती रिक्षा करून राजारामपुरीला जाऊ लागली.

तो निवृत्त होईपर्यंत, म्हणजे आणखी नऊ वर्षं, ते तिसऱ्या मजल्यावरच राहिले. मग कोडोलीला, बायकोच्या भावाने दिलेल्या दोन खोल्यांत गेले. माझी निवृत्ती झाली. वर्षं गेली. मी आता चौऱ्याहत्तरचा आहे. गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी मी हे सगळं बायकोला सांगितलं. का त्याच दुपारी, ते मला सांगता येणार नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डबा भरून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "कोडोलीची एसटी साडेनवाला आहे."

तो अंगणात पाइप धुवत होता. मला बघून दोन्ही हात वर केले. "आगं, कोन आलंय बघ! सायेब!" त्याची बायको वॉकर धरून दारात आली, परत आत गेली. त्याने खाट टाकली. मी पाणी प्यायच्या आतच सांगून टाकलं. भत्ता धरता आला असता, मी धरला नाही, साहेब विचारत होते, मी नको म्हणालो.

तो रागावेल असं वाटलं होतं. तो वाद घालू लागला.

"चुकताय तुम्ही. तवाच बरोबर हुता. त्यो पैसा पगार असतोय व्हय?"

"बिलांचा नसतो. भत्त्याचा असतो. तो तुमचा होता."

"कंपनीनं रस्त्यासाठी दिल्ता."

"दिला की तो तुमचा झाला."

"मग तुम्ही धन्याला इचारल्याबिगर त्याची गाय इकाल!" तो हसला. खाटेवर पुढे सरकला, बोटं मोजत मला पटवू लागला की माझा निकाल किती योग्य होता. मी चोर म्हणून आलो होतो आणि तो माझीच वकिली करत होता. मला, खरं सांगतो, त्याही क्षणी त्याचा हेवा वाटला. इतकी स्वच्छ चूक करायलाही भाग्य लागतं.

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला. "नियम तुमचा बरोबर असंल, भाऊजी. पर मी नऊ वर्सं त्यो जिना चढले."

तो दाराकडे वळला. मला दिसलं की तो तिलाही समजावणार, नियमच सांगणार. म्हणून मी उरलेलं बोललो.

"नियमामुळे नाही केलं मी. मला तुम्ही समोर नको होता."

"कुटं समोर?"

"दाराच्या समोर. बावड्याला. लोक तुमच्याकडे यायचे. माझी बायकोसुद्धा. मला ते बघवत नव्हतं."

मोजायला धरलेली बोटं त्याने खाली घेतली. मग तो एवढंच म्हणाला, "आन् मी दर शनवारी वाट बगायचो तुमची. खाली येशिला म्हणून. शेंगा तुमच्यासाठी येगळ्या काडून ठेवायचो की वो."

मला ते माहीत नव्हतं. माझ्या घरी शेंगा यायच्या, पण त्या कुणासाठी वेगळ्या काढलेल्या असतात, असं मला कधी वाटलं नाही.

डब्यातलं आम्ही तिघांनी खाल्लं. त्याच्या बायकोने चटणी परत घेतली, बास. ऊन कलल्यावर तो उठला. "चला, एस्टी चुकंल." थांब्यापर्यंत तो माझ्याबरोबर आला, हळूहळू, हात मागे बांधून. वाटेत दर चार पावलांवर कुणी तरी त्याला हाक मारत होतं. दुकानातून, ट्रॅक्टरवरून, म्हशी हाकत. तो सगळ्यांना हात करत होता. मी त्याच्या शेजारून चालत होतो आणि त्यातला एक हात जरी माझ्यासाठी असता तर, असं चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझ्या मनात येत होतं.

थांब्यावर एक धोतरवाला म्हातारा बसला होता. म्हाताऱ्याने मला खालीवर बघितलं आणि त्याला विचारलं, "पावणं कोन म्हणायचं?"

तो जरा थांबला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून खरं शोधायला त्याला वेळ लागत असावा.

"बँकेतलं हायत," तो म्हणाला.

एसटी आली. मी चढलो.